बुधवारी कुणासाठी येतेस?

खुर्ची मागे कलली आणि पेशंटनं डोळे मिटले. ओठ मात्र हलत राहिले.

"भूल अजून दिलेली नाही," ती म्हणाली. "बरळताय कशाला?"

"बरळत नाही... प्रार्थना करतोय."

"एवढी भीती वाटते माझी?"

"तुमच्यासाठीच करतोय. तुमचा हात थरथरतोय."

थरथरत होता खरा. दाढेचं मूळ साफ करायची तिची ही पहिलीच वेळ. दातांच्या कॉलेजात ती शेवटच्या वर्षाला होती आणि वसतिगृहात सगळ्या तिला डॉक्टरीणबाई म्हणत – निम्म्या चेष्टेनं. पेशंट त्याच विद्यापीठात इंजिनिअरिंगला. मित्र त्याला पाद्री म्हणायचे, कारण तो ख्रिस्ती, आणि कुणी विचारलं तर येशूबद्दल न लाजता बोलायचा. हे तिला मागाहून कळलं. त्या दिवशी तिला एवढंच दिसलं, की याच्या पापण्या फार लांब आहेत. दाढेशी त्याचा काही संबंध नव्हता.

"देवानं माणूस घडवला म्हणता," ती कोरता कोरता म्हणाली, "मग अक्कलदाढेला जागा का नाही ठेवली?"

"आं... ऊं..."

"हं. उत्तर नाही."

तोंडातले कापसाचे बोळे निघाल्यावर तो जबडा चोळत उठला. "हा अन्याय आहे. बुधवारी संध्याकाळी कॅन्टीनच्या वरच्या खोलीत ये... या. तिथं मला बोलता येतं."

"'ये' चालेल," ती म्हणाली. मास्क तिनं काढला नाही. हसू दिसलं असतं.

ती गेली. दर बुधवारी तिथं बायबलचं वाचन आणि चर्चा चालायची. खोलीत एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या, एक गिटार, बिस्किटांचा डबा. ख्रिस्ती मुलंमुली चार-पाचच, बाकी नुसतेच आलेले. काहीजण वाद घालायला, तिची मैत्रीण बिस्किटं खायला. वकिली शिकणारी एक ताई सगळ्यांना सांभाळून घ्यायची. त्या दिवशी येशूनं कुष्ठरोग्याला बरं केल्याची गोष्ट निघाली.

"हात लावायची गरज होती का?" डॉक्टरीणबाईनं विचारलं. "नुसतं बोलून बरा झाला नसता?"

"झाला असता," पाद्री म्हणाला.

"मग लावला का?"

त्यानं बिस्किटांचा डबा तिच्याकडे सरकवला. "मलाही तेच आवडतं त्यात," एवढंच म्हणाला.

तिला ते उत्तर वसतिगृहापर्यंत पुरलं. पुढचा बुधवार आला, त्याच्या पुढचा आला. जिना उतरताना तो एक पायरी मागे राहायचा आणि ती मुद्दाम सावकाश उतरायची.

"एवढे प्रश्न आणतेस कुठून?"

"तुझी उत्तरं ऐकून सुचतात. इतकी कच्ची असतात!"

"मग पिकेपर्यंत येत राहा..."

दाढ केव्हाच बरी झाली. आणि एका बुधवारी ती ताईला म्हणाली, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

ताईनं तिला जवळ घेतलं. शेजारी उभा असलेला पाद्री मात्र हसला नाही. पुढच्या बुधवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

ती तडक त्याच्या वर्कशॉपमध्ये गेली. तो लेथवर होता. तिला पाहून त्यानं मशीन बंद केलं.

"येत का नाहीस?"

"तू कुणासाठी येतेस ते कळावं म्हणून."

"म्हणजे?"

"मी आवडतो म्हणून देवाला हो म्हणालीस... आणि उद्या माझ्याशी भांडलीस, तर त्याच्याशीही कट्टी?"

तिचे कान तापले. "स्वतःला फारच भाव देतोस!" म्हणत ती निघून गेली.

पण बुधवारी ती वर गेली, तो नसताना. पहिल्यांदा सगळा वेळ दाराकडे बघण्यात गेला. नंतर दाराकडे बघणं कमी झालं. काही बुधवार कंटाळवाणे निघाले. काही वेळा वाचलेलं एखादं वाक्य आठवडाभर तिच्या डोक्यात राहिलं. आपण पाद्रीसाठी किती येतो आणि प्रश्नांसाठी किती, हे तिला हळूहळू वेगळं करता यायला लागलं. शेवटी ती ताईला म्हणाली, "बाप्तिस्मा आत्ता नको. मी घाई केली. पण बुधवारी येणार."

"ये की," ताई म्हणाली. "हे त्याला तूच सांग."

वर्कशॉपमध्ये तो कपड्यानं हात पुसत होता.

"तू म्हणालास ते खरं होतं," ती म्हणाली. "थोडंसं."

"किती थोडंसं?"

"जास्त विचारू नकोस. देवाचं माझं अजून ठरलेलं नाही. कधी ठरेल, ठरेल की नाही, सांगता येत नाही. तुझं मात्र ठरलंय."

तो पुसलेलेच हात पुन्हा पुसू लागला. त्याची आई दर रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना शिकवायची. सून आपल्यातलीच हवी, हे तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्याची गरजच पडली नव्हती.

"आईला काय सांगू?" त्यानं विचारलं.

"खरं ते."

त्यानं फोन काढला. तिला वाटलं, नुसताच काढलाय. पण त्यानं लावला.

"आई... जेवलीस? ऐक ना, एक मुलगी आहे... दातांची डॉक्टर होतेय... नाही, आपल्यातली नाही... नाही गं, बाप्तिस्मा अजून नाही... घेईल का ते मला माहीत नाही. तिलाही नाही."

तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याचा कान लाल झाला होता.

मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"हो," तो म्हणाला. "खूप."