सौरभची मंजुरी

ही रात्रीची गोष्ट नाही. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी इथेच थांबलेलं बरं. ही घडली सकाळी दहा ते संध्याकाळी सात, ऑफिसच्या वेळात, बारामतीत, भर वस्तीत.

जिच्यावर बेतली ती स्वरूपा माझी सख्खी चुलतबहीण. तिने सांगितलं तसं लिहितोय, पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

तारीख तीन मार्च २०२५. वार सोमवार.

स्वरूपा कळसची. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षं इंजिनिअर, काम घरून. पण कळसला लाईटचा भरवसा नाही, म्हणून ती रोज स्कुटीवर बारामतीला यायची. हैदरचाचांच्या अभ्यासिकेत खालच्या हॉलमध्ये स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात आणि वरच्या मजल्यावर प्लायवूडच्या चार केबिन आहेत. त्यातली कोपऱ्यातली केबिन तिने महिन्याच्या भाड्याने घेतली होती.

त्या सोमवारी तिच्या मॅनेजर योगिनी मॅडमचा फोन आला.

"स्वरूपा, तुझं काम अपेक्षेपेक्षा कमी पडतंय. आजपासून तुला सुधारणा योजनेत घेतलंय. तीस दिवस आहेत. दिलेली कामं वेळेत झाली पाहिजेत."

"आणि नाही झाली तर, मॅडम?"

"तसा विचार कशाला करतेस?" मॅडम गोड आवाजात म्हणाल्या.

सुधारणा योजना. नाव किती सोज्वळ आहे बघा. ज्याला काढायचं ठरलंय त्याला महिनाभर पळवायचं आणि मग काढायचं, एवढाच तिचा अर्थ. तिच्यातून तरून गेलेला माणूस त्या कंपनीत कुणी पाहिला नव्हता.

स्वरूपाला ही नोकरी घालवून चालणार नव्हतं. कारण तिचे वडील, आमचे गेणबाकाका. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्याला दोनदा डायलिसिस. सगळा खर्च कंपनीच्या विम्यातून चालायचा. नोकरी गेली की विमा गेला. विमा गेला की... पुढचं ती स्वतःशीसुद्धा बोलत नव्हती.

पहिले तीन दिवस तिने जीव तोडून काम केलं. जमेना. नवं तंत्र, नव्या पद्धती. पंचविशीतली पोरं तासात उरकतील ते काम तिला दिवसभर पुरायचं.

चौथा दिवस. दुपारचे तीन.

या धंद्यात एक रीत आहे. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम स्वतःला पास करता येत नाही. टीममधल्या दुसऱ्याने तो वाचायचा, मंजूर करायचा, मगच तो पुढे जातो. आता खरं सांगायचं तर वाचतं कोण? आपल्या माणसाचं काम असेल तर न बघता बटण दाबतात. पण सुधारणा योजनेतल्या माणसाला कुणी आपलं म्हणत नाही. स्वरूपाची कामं दोन दोन दिवस पडून राहत होती.

त्या दुपारी तिने एक काम पाठवलं. अजून हात माऊसवरच होता, तेवढ्यात पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात हिरवी खूण आली.

मंजूर.

तिने नाव वाचलं...

सौरभ.

तिने ते पुन्हा वाचलं.

सौरभला जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती.

आता सौरभ कोण ते सांगतो. वडगाव निंबाळकरचा पोरगा, तिच्याच टीममध्ये. अबोल, कामाला संथ, पण चोख. त्या कंपनीत दरवर्षी टीममधल्या एकाला शेवटचा नंबर द्यावाच लागतो, सगळ्यांनी कितीही चांगलं काम केलं तरी. त्या वर्षी दोघांची नावं काठावर होती. सौरभ नाही तर स्वरूपा.

सौरभ सुधारणा योजनेत गेला. त्याची कामं मंजूर करायचं काम मॅडमनी स्वरूपाला दिलं.

स्वरूपाने काय केलं? काहीच केलं नाही. तेच तर वाईट. ती त्याची कामं तीन तीन दिवस उघडायची नाही. उघडली तर लिहायची, इथे एक ओळ मोकळी सोडा. या नावापेक्षा दुसरं नाव द्या. तो बिचारा "हो ताई" म्हणून दुरुस्त करायचा. ती पुन्हा तीन दिवस घ्यायची.

तिसाव्या दिवशी त्याची चार कामं तिच्याकडे पडून होती. त्या संध्याकाळी सौरभ मोटरसायकलसकट कालव्यात गेला.

कागदोपत्री अपघात आहे.

पुढच्या सोमवारी स्वरूपाने ती चारही कामं उघडली आणि रद्द केली. एकही वाचलं नाही.

हे मला ती सांगत होती तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. बहीण असली म्हणून काय झालं, मला तिचा राग आला होता.

तर ती हिरवी खूण. स्वरूपाने घाबरून मॅडमना कळवलं. उत्तर आलं, "त्याचं खातं बंद करायचं राहिलं असेल. काम पास झालं ना? मग पुढचं घे."

तिने पुढचं घेतलं.

आठव्या दिवशी ती जेवायला बाहेर गेली. केबिनला कुलूप लावून. डबा धुऊन परत येते तर जिन्यात हैदरचाचा उभे.

"ताई, कीबोर्ड जरा दमानं वाजवा. पोरं तक्रार करायल्यात, अभ्यास हुईना त्यांचा."

"मी तर आत्ताच येतीये, चाचा. किल्ली माझ्याकडंच हाय."

चाचांनी वर पाहिलं. दोघांनी कान दिला.

टक... टक टक... टक टक टक...

"मग आतमदी कोण हाय?" चाचांनी हळूच विचारलं.

त्यांनी तिच्या हातून किल्ली घेतली आणि दार उघडलं. आवाज थांबला. केबिनमध्ये कुणी नव्हतं. खुर्ची टेबलाला नीट सरकवलेली. लॅपटॉप उघडा.

पडद्यावर तिचं सकाळपासून अडलेलं काम पूर्ण झालेलं होतं. शेवटच्या ओळीपर्यंत. खाली नाव स्वरूपाचं.

चाचा म्हणाले, "ताई, ऐका माझं. हितनं सामान उचला अन् घरी जावा. पैसं परत देतो मी."

तिने ऐकायला हवं होतं. ते लिहिलेलं पुसून टाकायला हवं होतं.

तिने ते पाठवून दिलं. क्षणात मंजुरी आली... सौरभ.

पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल मी बनवून सांगतोय. पण भीती फार तर चार दिवस टिकते, गरज रोजची असते. दहाव्या दिवसापासून स्वरूपाने तसा पायंडाच पाडला. सकाळी काम उघडून ठेवायचं, केबिनला कुलूप लावायचं आणि खाली रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊन बसायचं. भूत कामाला लावून ही बाई चहा पीत होती. तासाभराने वर गेलं की काम तयार.

खालच्या हॉलमधली पोरं हळूहळू दुसऱ्या अभ्यासिकेत गेली. मग वरच्या इतर केबिनही रिकाम्या झाल्या. हैदरचाचा तिच्याशी बोलेनासे झाले. ती आली की नजर खाली घालायचे.

अठरावा दिवस. सकाळी दहाची मिटिंग.

रोज दहाला पूर्ण टीम कॉलवर येते. एकेकाने सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. स्वरूपाची पाळी आली. तिचा माईक बंद होता. ती बटण दाबायला गेली...

आणि आवाज आला.

"काल तीन कामं पूर्ण केली. आज दोन घेते. अडचण काही नाही."

तिचाच आवाज. तिचे ओठ मिटलेले होते.

"व्हेरी गुड, स्वरूपा," योगिनी मॅडम म्हणाल्या. पाळी पुढच्याकडे गेली.

चोविसाव्या दिवशी तिला ताप भरला. लॅपटॉप घरी, पिशवीत, बंद. सव्वादहाला तिने मॅडमना मेसेज टाकला की आज सुट्टी हवी.

मॅडमचं उत्तर आलं. "कसली सुट्टी? आत्ताच तर बोललीस मिटिंगमध्ये. कॅमेरा पण लावला होतास, छान वाटलं."

स्वरूपाने पिशवी उघडून लॅपटॉपला हात लावला.

गरम होता.

तीस दिवस भरले. योजनेतून पास होणारी ती पहिलीच. कंपनीने सगळ्यांना पत्र पाठवलं, अपेक्षा पूर्ण केल्याबद्दल अभिनंदन. गेणबाकाकांनी कळसच्या डेअरीवर पेढे वाटले. स्वरूपाने एकही पेढा तोंडात घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडगाव निंबाळकरला गेली. सौरभच्या घरी. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा.

त्याची आई मुक्ताबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. स्वरूपाने नाव सांगितलं. तिला वाटलं होतं म्हातारी दारातून हाकलून देईल.

"या की, बसा," मुक्ताबाई म्हणाल्या. "तुमीच न्हवं का त्या तपासणाऱ्या? लई नाव घ्यायचा तुमचं. रोज म्हनायचा, आई, आज ताई पास करतील बघ."

स्वरूपाला रडू फुटलं. "काकी, माझं चुकलं. मी मुद्दाम..."

"असू द्या वो. आता बरं चाललंय त्याचं."

"...कुणाचं?"

मुक्ताबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजत होते. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे मान केली. खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती.

टक... टक टक... टक टक टक...

"कॉम्प्युटर हाय का आत?" स्वरूपाने कसंबसं विचारलं.

"न्हाय. त्यो कंपनीनं तवाच नेला. आत काय बी न्हाय, पलंग बी इकला. पर म्हयना झाला, रोज दहाला लागतोय कामाला. एक दिस चुकला न्हाय." त्यांचा चेहरा उजळला होता. "पयल्या दिशी भ्याले मी. मग म्हनलं, पोरगं कामाला लागलंय, आईला आनिक काय पायजे?"

स्वरूपा कडीकडे निघाली. मुक्ताबाईंनी तिचं मनगट धरलं. त्या वयात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

"दार उघडू नगा, बाई. खाडा पडंल त्याचा."

स्वरूपा बाहेर पळाली. गल्लीत उभं राहून तिने योगिनी मॅडमना फोन लावला. आता सगळं सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. नोकरी जाऊ दे, काय व्हायचं ते होऊ दे.

"हॅलो, कोण?"

"मॅडम, मी स्वरूपा."

पलीकडे मागे मिटिंग चालू होती. त्या मिटिंगमध्ये कुणीतरी बोलत होतं... तिच्याच आवाजात.

"स्वरूपा माझ्यासमोर आहे," मॅडम म्हणाल्या. "कॉलवर."

"ती मी नाही, मॅडम. मी वडगावला आहे, रस्त्यावर उभी आहे. महिनाभर मी कामच केलेलं नाही. ते सौरभ करतोय. तुम्ही नीट बघा तिच्याकडे."

मॅडमनी आवाज खाली केला.

"बघितलंय. तिची पापणी लवत नाही. चोविसाव्या दिवसापासून बघतेय मी."

"मग...?"

"माझ्या वरच्यांना मला पण उत्तर द्यावं लागतं. सहा वर्षांत जेवढं काम झालं नाही तेवढं तिने एका महिन्यात दिलं." त्या पुढे म्हणाल्या, "तुम्ही कोण आहात ते मला जाणून घ्यायचं नाही. पण ही काम करते. परत फोन करू नका."

फोन कट झाला. त्यानंतर स्वरूपाचा नंबर त्यांना कधी लागला नाही.

तिने राजीनामा पाठवला. दहा मिनिटांत तिच्याच नावाने दुसरा मेल गेला, चुकून पाठवला गेला, क्षमस्व. तिने पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पाठवताना तिच्या मनात डायलिसिसचं मशीन आलं, आणि तिने हात मागे घेतला.

पगार एक तारखेला जमा होतो. विमा चालू आहे. दिवाळीत तिला बढतीही मिळाली.

ती दुसरीकडे मुलाखतींना गेली होती. समोर साधा प्रश्न होता, कॉलेजच्या पोराला येईल असा. तिला एक ओळ लिहिता आली नाही. येत होतं ते सगळं कुठे गेलं, तिला माहीत नाही. मला तर मुळीच नाही.

मागच्या बुधवारी मी काकांना भेटायला बारामतीच्या हॉस्पिटलात गेलो. काका मशीनला लावलेले, खुशीत होते.

"लई राबती माझी पोरगी," ते म्हणाले. "तिच्या जिवावर जगतोय बघ मी."

मी मान हलवली आणि बाहेर आलो. स्वरूपा बाकड्यावर बसली होती. वाळली आहे. मी शेजारी बसलो. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले.

तिने दोन्ही हातांनी कान घट्ट दाबून घेतले आणि सात वाजेपर्यंत काढले नाहीत.