हिरव्या मोटारीच्या स्टेअरिंगवर

"ओ बाई... दोरीच्या आत नाही जायचं!"

मी वळून पाहिलं. निळ्या डांगरीतला एक तरुण, हाताला ग्रीस, थोडं नाकावरही. मी दोरी उचलून धरली होती आणि बाबा आत वाकून हिरव्या मोटारीच्या बॉनेटवर हात फिरवत होते.

"माझ्या बाबांनी ही गाडी चालवलीय," मी म्हणाले. "सावनेरच्या मालगुजारांकडे. तुम्ही तेव्हा रांगतही नसाल."

"मग दोरी मीच धरतो," तो म्हणाला. आणि खरंच धरली!

चौऱ्याहत्तर सालचा डिसेंबर होता. काटोल रोडवर विश्वनाथकाकांनी बंगल्यामागच्या शेडमध्ये स्वतःचं संग्रहालय मांडलं होतं. जुन्या मोटारी, तेलावरची इंजिनं, चावीची घड्याळं. हा त्यांचा पुतण्या, मधुसूदन. आणि मी जया, नागपुरातल्याच इंदोऱ्याची, शाळेत विज्ञान शिकवणारी.

"बंद हाय का गा हे?" बाबांनी विचारलं.

"सध्या बंद. पण सव्वीस जानेवारीला जुन्या गाड्यांची मिरवणूक आहे, त्याआधी चालू करतो. तुम्ही चालवाल?"

बाबा हसले. "मोतीबिंदू झाला ना मले. माही पोरगी चालवते. मीच शिकवलं तिले."

मधुसूदन माझ्याकडे बघत राहिला... जरा जास्तच वेळ.

"काहून? पटत नाही?" मी विचारलं.

"पटतंय. म्हणूनच बघतोय."

मग दर रविवारी आम्ही जायला लागलो. निमित्त बाबांचं. ते मोटारीशेजारी खुर्ची टाकून जुन्या फेऱ्यांच्या गोष्टी सांगत; मधुसूदन इंजिनात डोकं घालून बसे; मी टॉर्च धरी. उन्हात पेट्रोलचा आणि सोललेल्या संत्र्यांचा वास मिसळून जाई. एकदा त्याचे हात तेलकट होते, म्हणून मी संत्र्याची फोड त्याच्या तोंडापुढे धरली... आणि त्यानं ती खाऊन लगेच दुसरी मागितली.

जानेवारीतल्या एका दुपारी इंजिन खोकलं, थरथरलं आणि चालू झालं. बाबांनी टाळ्या वाजवल्या. मधुसूदन आनंदानं माझे हात धरायला आला, आपले काळे तळवे पाहून थबकला.

"धरा," मी म्हणाले. "धुता येतात."

पण काका अडून बसले. "मुलगी चालवणार? इतक्या लोकांसमोर बंद पडली तर?"

"बंद पडली तर चूक माझी," मधुसूदन म्हणाला. "इंजिन मी जोडलंय."

"काका, तुम्ही बसा," मी म्हणाले. "एक फेरी मारून आणते. मग ठरवा."

बंगल्याभोवती फेरी मारून मी मोटार नेमकी शेडच्या दारात उभी केली. काका उतरले, मिशीतल्या मिशीत हसले. "फक्त फार जोरात नेऊ नको हं!"

सव्वीस जानेवारीला सीताबर्डीच्या रस्त्यावर दुतर्फा माणसंच माणसं होती. मी स्टेअरिंगवर, शेजारी मधुसूदन. जन्मभर या मोटारीत पुढे बसलेले बाबा आज पहिल्यांदा मागच्या सीटवर होते. पांढरा इस्त्रीचा सदरा, ताठ मान. गर्दीतून कुणी ओरडलं, "अरे, बाई चालवून राहिली!" तसे बाबा उठूनच उभे राहिले.

"माही पोरगी हाय ते!"

माझे डोळे भरून आले. पण समोर बघणं भाग होतं.

"जया... एक विचारू?"

"गियर बदलताना?"

"नंतर धीर व्हायचा नाही. मला... असंच नेहमी तुमच्या शेजारी बसायला आवडेल."

मी आधी गियर बदलून घेतला. "आम्ही छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेली माणसं. ते मी कुणाच्या घरात हळू आवाजात सांगणार नाही. घरी विचारलंत?"

"विचारलं नाही. सांगितलं."

"मग?"

"आई रुसली होती. आज सकाळी मात्र म्हणाली, तिला तिखट चालतं का, विचारून ये."

मला हसूच आलं. "आधी मागे बसलेत त्यांना विचारा."

मधुसूदन वळला. तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले.

"मले काय विचारता गा? मोटार तिच्या हाती हाय. तिलेच विचारा."

"हो," मी म्हणाले.

बँडच्या गजरात त्याला ते ऐकू गेलं नसावं. तो तसाच बघत राहिला. म्हणून मी पुन्हा म्हणाले... पार फुटपाथवरच्या लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.