दुसरं काडतूस

मुलांनो, जरा कल्पना करा. पौषातली संध्याकाळ आहे. तुम्ही रेणापूरच्या शिवारात हरभऱ्याच्या बांधावर उभे आहात. समोरून रानडुक्कर येतंय, मुंडी खाली घालून, थेट तुमच्या अंगावर. वनखात्याची परवानगी तुमच्या खिशात आहे आणि हातात बंदूक. बंदूकही साधी नाही. एक बार काढला की रिकामं काडतूस ती आपणच बाहेर फेकते आणि पुढचं आपणच आत ओढून घेते. तुम्ही चाप ओढता. धाड! नेम चुकतो. हरकत नाही, दुसरं काडतूस आहेच. तुम्ही पुन्हा चाप ओढता.

काहीच होत नाही.

आता काय कराल? शिवशंकरने जे केलं तेच कराल. पळाल. शिवशंकर पळाला, पाण्याच्या चारीत पडला, आणि हात मोडून घेतला. डुक्कर वरून उडी मारून निघून गेलं, म्हणून पुढची गोष्ट सांगायला तो उरला.

ती गोष्ट सांगायला तो नांदेडला आला तेव्हा सोबत त्याचे वडील दगडोबाही होते. आणि दगडोबा असले की गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगताच येत नसे.

"चोरी झाली बाई, चोरी!" त्यांनी काठी फरशीवर आपटली. "बंदुकीच्या पोटातली विलायती स्प्रिंग त्या गुरुबसप्पानं काढून घेतली अन् भंगार घातली. माझं पोरगं मेलं असतं!"

चंद्रप्रभाबाई शांतपणे ऐकत होत्या. नांदेडात खासगी तपास करणाऱ्या म्हणून त्यांचं नाव होतं. त्यांचा भाचा मुकुल त्यांचा मदतनीस. तो मात्र सकाळपासून वैतागला होता, कारण दगडोबांनी तीच हकिकत आता तिसऱ्यांदा सुरुवातीपासून सुरू केली होती.

"आबा, एक मिनिट," मुकुल म्हणाला. "बंदूक घेतली कधी?"

"तेच सांगून राहिलो ना! तू मधी बोलू नको."

शेवटी शिवशंकरनेच गळ्यात अडकवलेला हात सावरत सांगितलं. उन्हाळ्यात त्याने ही जुनी बंदूक नांदेडच्याच बापूसाहेब वकिलांकडून विकत घेतली. सरकारी परवानगी, परवान्यावर नोंद, सगळं रीतसर. पावसाळ्यात ती उत्तम चालली. दसऱ्याआधी त्याने ती दुरुस्तीवाल्या गुरुबसप्पांकडे सफाईला दिली. परत आणली, कपाटात ठेवली, आणि थेट त्या संध्याकाळी बाहेर काढली.

"आधी बोल्ट ओढून सोडला की खटकन बसायचा," तो म्हणाला. बोल्ट म्हणजे बंदुकीच्या पोटात मागेपुढे सरकणारा लोखंडी ठोकळा. तोच काडतूस आत ढकलतो. "आता मुंगीवानी सरकतो. स्प्रिंग बदलली असंल, दुसरं काय?"

"सोमवारी कलेक्टर ऑफिसात अर्ज देणार," दगडोबा गरजले. "तो चोर हाय, हे स्टँडवर, बाजारात समद्यांना सांगून आलोय. त्याचं दुकानच बंद करतो. तुम्ही फकस्त पुरावा द्या."

"पुरावा कशाचा निघेल ते अजून ठरायचंय," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "गुरुबसप्पांकडून आणल्यावर बंदूक कोणाच्या ताब्यात होती?"

"माझ्या," दगडोबा म्हणाले. "किल्ली माझ्या करदोट्याला हाय. दुसरं कुणी हात लावत न्हाई. मी हयातभर एकनळी बंदूक सांभाळली बाई, एकदा दगा दिला न्हाई तिनं. बंदूक कशी ठेवायची ते मला नका शिकवू."

"मी कुठं शिकवतेय?" बाई म्हणाल्या.

*

गुरुबसप्पांचं दुकान म्हणजे नांदेडातल्याच एका बोळातली अंधारी खोली. आत रॉकेलचा वास भरलेला. ते मूळचे देगलूरकडचे. तक्रारीचं ऐकून त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"सोमवारी?" त्यांनी विचारलं. "अर्ज गेला की चौकशी होईपर्यंत दुकानाला कुलूप लागतं, बाई. मग निर्दोष सुटलो तरी गिऱ्हाईक परत येतं का?"

"तुम्ही त्या बंदुकीत काय घातलंत?" मुकुलने दरडावून विचारलं.

"मी काही घालत न्हाई. मी काढतो."

"म्हणजे काढलंत! काय काढलंत?"

"माती. जुनं तेल." गुरुबसप्पांनी फळीवरची एक इवलीशी बाटली दाखवली. "हे पातळ तेल प्रत्येक गिऱ्हाईकाला देतो. फडक्यावर थेंबभर घ्यायचं, पुसायचं, बस. दगडोबांना बी दिली. पण लोकांना थेंबभर पटतच न्हाई. वकीलसाहेबांनी बी त्यांची दुसरी बंदूक तेलात भिजवून आणली होती. चालंना. रॉकेलनं धुतली, चालली."

मुकुलचे कान टवकारले. बाहेर पडताच तो म्हणाला, "आत्या, ऐकलंस? बापूसाहेबांकडे दुसरी बंदूक आहे!"

"ऐकलं. रॉकेलचंही ऐकलं."

"रॉकेलचं काय घेऊन बसलीस!"

बापूसाहेबांच्या दिवाणखान्यात तर त्याला सगळं लख्ख दिसायला लागलं. वकीलसाहेबांची दुसरी बंदूक त्याच कंपनीची, त्याच बनावटीची होती. त्यांनी ती रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट मागे ओढला, सोडला. खटॅक!

"मध्यंतरी ही अडत होती ना?" मुकुलने विचारलं.

"अडत होती. गुरुबसप्पाने सुधारली. माणूस सोन्यासारखा आहे हो."

"आणि आता तिच्यात नवी स्प्रिंग आहे?"

"मला काय ठाऊक? मी कोर्टात उभा राहतो, बंदुकीच्या पोटात शिरत नाही." बापूसाहेबांचा चेहरा लाल झाला. "तुमचा रोख कळला मला. शिवशंकरची स्प्रिंग माझ्या बंदुकीत, असंच ना? मुलगा आहेस म्हणून सोडून देतो. चहा घेऊन जा, आणि जाताना दार लावून घे."

चहा अतिशय गोड होता. मुकुलने तो रागारागाने प्यायला.

*

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीने निघाले. अहमदपूरला गाडी बदलायची होती. तिथे स्टँडवर चंद्रप्रभाबाई एका म्हाताऱ्या तेलवाल्याशी घाण्यावरच्या तेलाबद्दल बोलत उभ्या राहिल्या, आणि रेणापूरची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली.

"आत्या, माणसाचं दुकान बंद पडायची वेळ आलीय आणि तू तेल काय विचारत बसलीस?"

"तेलच विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. मुकुलने कपाळावर हात मारला.

रेणापुरात शिवशंकरच्या बायकोने, दीपमालाने, आल्या आल्या ताटं वाढली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि चटणीवर तेलाची धार.

"आपल्या घाण्याची करडई हाय," दगडोबा म्हणाले. "खायला हेच, गुडघ्याला हेच, काठीला बी हेच. हात लावून बघा काठीला."

बाईंनी काठी हातात घेतली. पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत होती. त्यावर आरशासारखी चमक होती आणि बोटाला काही लागत नव्हतं.

"सुंदर!" त्या म्हणाल्या. "अशी कितीतरी वर्षं टिकेल."

मुकुलने भाकरीचा तुकडा चटणीत जोरात बुडवला. आत्या काठीचं कौतुक काय करतेय!

"गादीची खोळ फाटलीय, तेवढी संभाळून बसा," दीपमाला म्हणाली. "शिवायची होती, पण शिलाई मशीनच आडून बसलंय. पायडल मारलं तरी चाक फिरंना."

दाराआड त्यांची मुलगी साक्षी उभी होती. पाचवीत असेल. ती पुढे झाली आणि म्हणाली, "आजोबा, मशीनला पण तुम्हीच त्या दिवशी..."

"गप! मोठ्या माणसांत बोलू न्हाई."

साक्षी ओठ मिटून पुन्हा दाराआड गेली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग शिलाई मशीनकडे.

जेवणानंतर दगडोबांनी करदोट्याची किल्ली काढली. लोखंडी कपाटाचं दार मुकुलने ओढलं, पण ते हलेना. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा बिजागऱ्या कुरकुरल्या आणि दार एकदाचं उघडलं. आत कापडात गुंडाळलेली बंदूक होती, शेजारी काडतुसांचा कुलूपबंद डबा, आणि गुरुबसप्पांनी दिलेली ती इवलीशी बाटली. बाटलीच्या झाकणाचं सील तसंच होतं.

चंद्रप्रभाबाईंनी साक्षीला लांब ओट्यावर बसायला सांगितलं. नळी भिंतीकडे धरून बंदूक रिकामी आहे हे दोनदा तपासलं, आणि मग बोल्ट मागे ओढून सोडला. तो हळूहळू, कुरकुरत पुढे आला आणि अर्ध्यातच थांबला.

"बघा! भंगार स्प्रिंग!" दगडोबा ओरडले.

मुकुलने बंदुकीच्या पोटावरून बोट फिरवलं. बोट चिकटलं. त्याने ते रुमालाला पुसलं, तर पिवळट डाग पडला. साबण लावून घासला तरी जाईना.

"आत्या, माझा नवा रुमाल!"

"जपून ठेव तो." बाई भिंग लावून दस्त्याच्या, म्हणजे बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या, स्क्रूच्या खाचेत पाहत होत्या. खाचेत लाल कण अडकले होते. त्यांनी भिंग खिशात टाकलं. "दीपमालाताई, थोडं रॉकेल आणि एक परात मिळेल?"

*

बैठकीत सगळे बसले. चंद्रप्रभाबाई परातीसमोर मांडी घालून बसल्या.

"मुकुल, तुझ्या मते चोर कोण?"

"गुरुबसप्पा. इथली स्प्रिंग काढून बापूसाहेबांच्या बंदुकीत घातली. म्हणून ती चालते, ही अडते."

"मग ही स्प्रिंग बदलल्याशिवाय बंदूक सुधारणार नाही. हो ना?"

"अर्थात."

बाईंनी बंदूक उघडली. सुटे भाग परातीत ठेवून रॉकेलने ब्रश मारला. दस्त्यातल्या ज्या नळीत स्प्रिंग बसते तिच्यात रॉकेल ओतलं, हलवलं, उपडं केलं. परातीत काकवीसारखं दाट, तपकिरी काहीतरी उतरलं. पुन्हा ओतलं, पुन्हा उपडं केलं. सगळं कोरडं पुसून त्यांनी भाग जोडले आणि बोल्ट मागे ओढून सोडला.

खटॅक!

शिवशंकर दचकून उभाच राहिला. "तीच! अगदी पयल्यावानी!"

"तीच स्प्रिंग," बाई म्हणाल्या. "ती कोणी बदललीच नव्हती. भंगार स्प्रिंग रॉकेल पिऊन ताकदवान होत नसते."

"मग हे काय?" मुकुलने परातीकडे बोट दाखवलं.

"सकाळी अहमदपूरला मी ज्यासाठी गाडी चुकवली, ते. तो तेलवाला म्हणाला, करडईचं तेल लाकडावर लावून ठेवलं की वाळतं आणि त्याचा कडक, चमकदार पापुद्रा होतो. पूर्वी त्याचं रोगण, म्हणजे व्हार्निश, करायचे. म्हणूनच आबांची काठी चमकते. पण तेच तेल बंदुकीच्या पोटात वाळलं तर?"

मुकुलने खिशातला डागाळलेला रुमाल बाहेर काढला.

"गुरुबसप्पांची बाटली सीलबंद होती. तरी बंदूक तेलाने माखलेली. म्हणजे दुसरं तेल घातलं. ते कपाटाच्या बिजागऱ्यांनाही घातलं, म्हणून दार अडलं. शिलाई मशीनलाही घातलं, म्हणून चाक अडलं. आणि हे तेल घातलं कधी? दस्त्याच्या खाचेतले ते लाल कण कुंकवाचे होते. घरातल्या हत्यारांना आणि यंत्रांना तेल लावून हळदकुंकू वाहायचा दिवस कोणता?"

"खंडेनवमी," दीपमाला हळूच म्हणाली.

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी. सफाईनंतर लगेच. तेव्हापासून पौषापर्यंत तेल आतल्या आत वाळत गेलं. गुरुबसप्पांनी सांगितलं होतं मुकुल, वकीलसाहेबांची बंदूकही तेलानेच अडली होती. तू फक्त 'दुसरी बंदूक' एवढंच ऐकलंस."

मुकुल रुमालाची घडी घालू लागला.

दगडोबांची मान खाली गेली होती. "पण माझ्या एकनळीला दरसाल हेच तेल घालायचो. तिला काय बी झालं न्हाई."

"कारण आबा, एकनळी तुम्ही हाताने उघडायचात, हाताने भरायचात. जरा चिकटली तर जोर लावायचात, कळायचंही नाही. ह्या बंदुकीला सगळं स्वतःच्या ताकदीवर सरकावं लागतं. तिला थोडंसं चिकटलेलंही चालत नाही. तुम्ही मायेने केलंत, ते खरं. पण ही बंदूक वेगळी आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने बाटली दिली, ती तुम्ही उघडली नाहीत. आणि त्यालाच चोर म्हणालात."

"माझ्या हातानं," दगडोबा पुटपुटले. त्यांची नजर शिवशंकरच्या प्लास्टरवर गेली आणि तिथेच थांबली.

"असू द्या बाबा," शिवशंकर म्हणाला. "हात बरा होतोय."

"अर्ज देत न्हाई मी. संपलं."

"संपलं कसं?" चंद्रप्रभाबाईंनी विचारलं. "तुम्ही त्यांना चोर म्हणालात ते स्टँडवर म्हणालात, बाजारात म्हणालात. हे मात्र घरातच ठेवणार?"

दगडोबांनी काठी उगाच इकडून तिकडे केली. मुकुलला वाटलं, आता हा म्हातारा पुन्हा गरजेल आणि परतीची गाडीही चुकेल.

तेवढ्यात ओट्यावरून साक्षी उठली. आधी तिने देवघराशी ठेवलेली करडईच्या तेलाची बुधली उचलली आणि आत स्वयंपाकघरात, चटणीच्या डब्याशेजारी नेऊन ठेवली. मग बाहेर येऊन कोनाड्यातला वडिलांचा फोन घेतला, त्यात गुरुबसप्पांचं नाव शोधलं, नंबर लावला, आणि फोन आजोबांच्या कानाला धरून उभी राहिली.

"आता बोला आजोबा," ती म्हणाली. "रिंग वाजतेय."