सैल शर्ट, तंग झगा

वीज येईपर्यंत तुमच्या ब्लाउजचं काही होत नाही. मेणबत्ती जरा इकडे सरकवा, बाह्यांना हातशिलाई करून ठेवते. आणि हा मांडीवरचा मखमली झगा कुणाचा म्हणून मघापासून बघताय, तर तेही सांगते.

हा आमच्या बेटावरच्या घरातल्या निन्योचा. बाळ येशूची हातभर लाकडी मूर्ती, काचेच्या पेटीत. लग्नाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा सासूबाईंनी हा पहिल्यांदा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, काखेत काचतोय, थोडा सोड. मी शिंपीण. पावसाळा सरत आलेला, लाकूड फुगतं एवढं मला कळत होतं. बोटभर माया सोडली आणि गप्प बसले. गप्प बसणं मला चांगलं जमतं. त्यामुळे लोकांना वाटतं, सून भाविक आहे.

भाविक कसली! त्या घरात देवाकडे मागण्याशिवाय दुसरा उद्योगच नव्हता. गल्लीत मानांग पासिंग म्हणून एक बाई, सगळ्यांच्या घरी प्रार्थना म्हणायला जायची. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून तिने नऊ दिवसांची नवेना म्हटली. त्याच आठवड्यात त्याचा उजवा हात लुळा पडला. पेला उचलता येईना. बाईने देवाला फुलं वाहिली. "मागावं," ती मला सांगायची, "पण कसं द्यायचं ते देवाला शिकवू नये." तिचा नवरा खाटेवरून छताकडे बघत असायचा. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आणि माझा नवरा. नाव रोहेलियो, पण सगळे तोतो म्हणायचे, म्हणजे छोकरा. तिशीला आलेला बाप्या, सारखी नखं खायचा, आणि त्याच्या ताटातल्या माशाचे काटे आई काढून द्यायची. मी एकदा हात पुढे केला, तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "नको, इंदाय, नको पोरी. एखादा राहिला तर?"

त्याला जहाजाच्या स्वयंपाकघरात नोकरी लागत होती. सही केली की सुटलो: इलोइलो शहरात एक खोली, तो समुद्रावर, मी मशीनवर. मला एवढंच हवं होतं, त्या घरातून तो आणि मी. पण सासूबाई रोज संध्याकाळी पेटीपुढे बसायच्या. भिंत बांबूची, त्यामुळे त्यांचं मागणं देवाआधी मलाच ऐकू यायचं. "बाळा, माझा तोतो माझ्याजवळच राहू दे. लहानपणी होता तसा." अलीकडे तोतो आईकडे बघत, नख चावत म्हणायचा, नानाय एवढं म्हणते, तर पुढच्या वर्षी बघू.

एका दुपारी सगळे झोपले होते. मी पेटीसमोर उभी राहिले, तोंडात टाचण्या तशाच. म्हटलं, "हे बघ, तिला तिचा छोकरा दे आणि मला माझा नवरा दे. दोघींचं एकदाच मिटव. जमत असेल तर."

निन्यो रंगवलेल्या डोळ्यांनी बघत राहिला. मी परत जाऊन काजं करायला बसले.

पुढच्याच आठवड्यात तोतोचा शर्ट खांद्यावरून उतरायला लागला. मी आत घेतला. त्याच दिवशी झगा पुन्हा काचायला लागला, तो सोडला. मग विजार आत, झगा बाहेर. टेप माझ्या हातात होती, म्हणून मलाच दिसलं: इकडे जेवढं घेत होते, तेवढंच तिकडे सोडत होते. सकाळी झग्याच्या घेराला कुसळं चिकटलेली असायची. "निन्यो रात्री फिरून येतो," सासूबाई कौतुकाने म्हणायच्या. मी म्हणायचे, उंदीर. तोतो दिवसभर पेटीजवळ बसायचा, आणि त्याचं बोलणं बारीक होत चाललं होतं…

जानेवारीत निन्योची जत्रा. जो तो आपापली मूर्ती कडेवर घेऊन मिरवणुकीला निघतो. आमच्या निन्योला नवा झगा ऐन वेळी चढेना, म्हणून तो पेटीतच राहिला आणि सासूबाई रिकाम्या हातांनी गेल्या. तोतोला बरं नव्हतं. ऊन फार होतं, म्हणून मी छत्री न्यायला अर्ध्या वाटेतून परत आले.

खिडक्या लावलेल्या. मेणाचा वास, सुक्या मासळीचा वास, आणि त्यावर ओल्या लाकडाचा, नुकतंच कापल्यासारखा. लांबून ढोल ऐकू येत होते. आतल्या खोलीत, पडद्यामागे, कुणीतरी नखं खात होतं. कट्… कट्…

"तोतो?"

आवाज थांबला.

"…नानाय कुठंय?"

आवाज त्याचाच होता. पण आला माझ्या कमरेच्या उंचीवरून, जिथे पेटी आहे तिथून. पडद्याला हात लावला, तो आतून किंचित हलला. मी पडदा सरकवला नाही. तुम्ही सरकवला असता का?

तेवढ्यात मागे जिन्याच्या पायऱ्या वाजल्या. वजनदार पावलं. माझा नवरा बाहेरून आत येत होता. मी आत घेतलेला शर्ट त्याच्या छातीवर ताणला होता, बटणं तुटायला आली होती. विजारीला गुडघ्यापर्यंत कुसळं.

"कुठे होतास?"

"बाहेर," तो म्हणाला. "सही करून टाकू. चल."

तो मला कधी 'चल' म्हणाला नव्हता.

संध्याकाळी आम्ही निघालो. मला वाटलं होतं, मिरवणुकीहून परतलेल्या सासूबाई आता छाती पिटून घेतील. पण त्या पेटीपुढे बसल्या होत्या, मांडीवर ताट, माशाचे काटे काढत. मागे न बघता म्हणाल्या, "जा तुम्ही. माझा तोतो आहे माझ्याजवळ." मानांग पासिंग दारात उभी होती. "बघ, इंदाय. ऐकलं की नाही त्याने?" तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की मी तिच्याकडे न बघताच पायऱ्या उतरले.

असो. मला हवं ते मिळालं. नवरा चांगला आहे, शांत आहे. जहाजावर जातो, सुट्टीला घरी येतो. माशाचे काटे काढून द्यावे लागत नाहीत. ताटात काटे उरतच नाहीत. वर्ष होत आलं, त्याचं माप दोऱ्याइतकंही बदललेलं नाही. आणि त्याची कॉलर कधी मळत नाही. इथल्या उकाड्यात.

काल मानांग पासिंग हा झगा घेऊन आली. पुन्हा काचतोय म्हणे. सोबत गळ्याच्या मापाची सुतळी; मागच्या वेळेपेक्षा लांब. हे बघा, गळ्याला घामाची काळी रेघ. दोनदा धुतला, जात नाही. घेर उसवला, तर दुमडीत कुरतडलेली नखं. लहान मुलाची नव्हेत, जाड, बाप्याची. मी ती मुठीत धरली आणि टाकायला उठले. नवरा पलीकडे खिडकीशी बसला होता, माझ्याकडे पाठ करून. मी त्याला या झग्याबद्दल कधी अक्षर सांगितलेलं नाही.

मागे न बघता म्हणाला, "अजून खातो का तो?"