आठ पिवळ्या रेघा

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. पाणीपुरवठ्याचं वर्कशॉप, पत्र्याची शेड, गाड्या दुरुस्त करायचा दोन नंबरचा खड्डा. बाहेर डोळे दिपवणारं ऊन.

वेळ आणि ऊन आधीच नोंदवलेलं बरं. अशा गोष्टी अंधारातच घडतात असं लोकांनी ठरवून टाकलंय, आणि पुढे चौकशीत मिस्त्रीला ‘डुलकी लागली होती का’ असं विचारायला साहेबलोकांना तेवढं कारण पुरलं. मिस्त्रीला डुलकी लागली नव्हती. टँकरच्या गिअरबॉक्समधलं तेल बघायला तो वाकला होता. रोजचं काम.

अपघातानंतर टँकर पाच दिवस बंद होता. बॅटरीच्या वायरी काढून ठेवलेल्या. मिस्त्रीने तेल मोजायची पट्टी ओढली आणि हात झटकला. पट्टी पोळत होती. टोकाला तेल होतं ते काळं, पाण्यासारखं पातळ, आणि त्याला वास होता. क्लचप्लेटी जळल्या की येतो तो, घशाला चिकटणारा, दोन दिवस कपड्यांतून न जाणारा वास. पाच दिवस थंड पडलेल्या गाडीतून तो असा गरम कसा येईल...

शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. आणि टँकरच्या पलीकडच्या दारावर बाहेरून तळव्याच्या दोन थापा पडल्या.

थप. थप.

मिस्त्री पलीकडे गेला नाही. त्याला त्या थापा ओळखीच्या होत्या.

हा टँकर मुळात अग्निशमन दलाचा. तिथे म्हातारा झाला म्हणून पाणीपुरवठ्याच्या गळ्यात मारलेला. सत्तावीस वर्षं जुना, क्लचचं पेडल नसलेला, आपला आपण गिअर बदलणारा. टेकडीवरच्या वस्तीला नळ नाही. तिला पाणी पोहोचवायचं काम या म्हाताऱ्याचं. तो चालवायचे मिस्त्रीचे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. चढ लागला की खिडकीतून हात बाहेर काढून दारावर दोन थापा मारायचे आणि म्हणायचे, “चल गं बाई, संपला घाट.” ट्रक पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, यावरून अख्खं वर्कशॉप त्यांची टर उडवायचं. ते म्हणायचे, “संसार कोण करतंय तिच्याबरोबर, तुम्ही की मी?”

अपघाताच्या तीन आठवडे आधी भाऊजी टँकर घेऊन वर्कशॉपात आले होते.

“मेव्हणेबुवा, चढावर ही हात सोडते.”

“हात सोडते म्हणजे?”

“इंजिन बोंबलतं, गाडी जागची हलत नाही. क्षणभरच. मग धरते. पण त्या क्षणात माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.”

“बघतो.”

“आत्ता नका बघू. थंड असताना ती शहाण्यासारखी वागते. चाळीस मिनिटांनी बघा तिचं. टाकी भरून, चढावर.”

मिस्त्रीला हे कळत नव्हतं असं नाही. जुन्या गिअरबॉक्सचे रबरी सील ताठरतात. तेल थंड आणि दाट असतं तोवर दाब टिकतो. तेल तापून पातळ झालं की ते सीलच्या कडेने निसटतं, दाब पडतो, आणि ज्या प्लेटींनी एकमेकींना घट्ट धरायचं त्या एकमेकींवर घसरत जळायला लागतात. म्हणून असा दोष गरम गाडीत, भरल्या वजनानिशीच शोधायचा. कामाला लागल्याच्या पहिल्या वर्षी त्याला शिकवलेली गोष्ट.

पण त्या दिवशी तीन गाड्या रांगेत होत्या, आणि साहेबांना संध्याकाळपर्यंत सगळ्या बाहेर हव्या होत्या. मिस्त्रीने टँकर रिकाम्या टाकीने, वर्कशॉपच्या सपाट आवारात दहा मिनिटं फिरवला. टँकर शहाण्यासारखा वागला. मिस्त्रीने दुरुस्तीच्या कार्डावर लिहिलं, ‘दोष आढळला नाही’, आणि खाली सही ठोकली.

भाऊजींनी कार्ड वाचलं. रागावले नाहीत. “तुमची सही झाली म्हणजे ती सुधारली असेल,” एवढंच म्हणाले, आणि चावी घेतली.

तीन आठवड्यांनी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, टेकडीच्या तिसऱ्या वळणावर भरलेल्या टँकरने हात सोडला तो परत धरलाच नाही. मागे पाण्यासाठी माणसं उभी होती. घरंगळणाऱ्या टँकरला ब्रेकने दोनदा धरलं, दोनदा सोडलं. भाऊजींनी स्टिअरिंग पूर्ण फिरवून टँकर दगडी भिंतीत घातला. माणसं वाचली. भाऊजी वाचले नाहीत.

चौकशीच्या पहिल्या अहवालात काय आलं? ‘चालकाने इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली असावी.’ चढावर. इंधन वाचवण्यासाठी. हे वाक्य लिहिणाऱ्याने आयुष्यात चढ पाहिला होता की नाही कोण जाणे; पण त्याच्या हातात एक कार्ड होतं, आणि कार्डावर होतं ‘दोष आढळला नाही’. मेलेला माणूस उलट बोलत नाही, आणि जिवंत माणूस गप्प होता.

गप्प होता तो मिस्त्री.

त्याने सहाव्या दिवशी बॉक्स उतरवून उघडला. खालच्या पातेल्यात काळा गाळ, बोटाने उचलावा इतका. सातच्या सात प्लेटी जळून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. सवयीप्रमाणे त्याने काढतानाच खिळ्याने प्रत्येकीच्या कडेवर एक ते सात आकडे कोरले. त्याचा सात नेहमी पोटात रेघ मारलेला असायचा.

साहेब येऊन डोकावले. “जुनी गाडी आहे, जळायच्याच. नव्या टाक आणि सोमवारी रस्त्यावर काढ. वस्तीवाले ओरडतायत.”

“साहेब, या प्लेटी चौकशी समितीला दाखवायला...”

“काय दाखवणार? तुझी सही?” साहेबांचा आवाज चढला नाही. “माणूस परत येणार आहे का त्याने?”

मिस्त्रीने प्लेटी भंगाराच्या पेटीत टाकल्या. पेटी त्याच दुपारी वितळवायला भट्टीकडे गेली, साहेबांनी उभं राहून भरून दिली.

संध्याकाळी बहीण आली. शेडच्या दाराशीच थांबली, आत आली नाही.

“खोललास?”

“हो.”

“काय निघालं?”

मिस्त्री हात पुसत राहिला. पुसून स्वच्छ झालेले हात पुन्हा पुसले.

“काही नाही, ताई. वय झालं होतं गाडीचं.”

“म्हणजे यांचीच चूक.”

त्याने फडकं खिशात कोंबलं.

“काल पोरीला कुणीतरी विचारलं, तुझ्या बाबांनी तेल किती वाचवलं गं.” एवढं सांगून ती गेली. त्याने तिला थांबवलं नाही. पुढे कित्येक वर्षं त्याला जळकी प्लेट आठवायची नाही, भिंत आठवायची नाही. दारातून वळणारी तिची पाठ आठवायची, आणि आपल्याला हाक मारता आली असती हे.

नव्या प्लेटी स्टोअरमधून आल्या. स्टोअरवाल्या बाई मोजल्याशिवाय खिळाही न देणाऱ्या. त्यांनी सात मोजल्या, आणि मिस्त्रीने त्या तेलात भिजत घातल्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत जळतात. दुसऱ्या दिवशी सही घ्यायला बाई शेडमध्ये आल्या, आणि पावती घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. सातही प्लेटी त्यांच्यासमोर आत गेल्या. सगळे सील नवे. ब्रेक आणि चेपलेला पत्रा आधीच दुरुस्त झाला होता. वर तेलपंपाचं झाकण, जे काढल्याशिवाय प्लेटी निघत नाहीत, आणि त्याचे आठ बोल्ट. आवळून झाल्यावर मिस्त्रीने ब्रशने प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून थेट झाकणापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. ही त्याची पद्धत. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, आणि तुटलेली रेघ पुन्हा जुळवता येत नाही.

“इतकी काळजी तेव्हा घेतली असतीत...” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी जीभ चावली.

सोमवारी मिस्त्रीने टाकी काठोकाठ भरली आणि टँकर स्वतः बाहेर काढला. वस्तीला सांगून ठेवलं होतं, रस्त्यावर कुणी थांबायचं नाही. साहेब म्हणाले, आवारात फिरव, पुरे. त्याने ऐकलं नाही. आता. आता ऐकलं नाही.

सपाट रस्त्यावर अर्धा तास टँकर लोण्यासारखा चालला. गिअर असे बदलत होते की कळूही नये. मिस्त्रीच्या छातीवरचा दगड जरा हलला. मग चढ लागला. पहिलं वळण. दुसरं. केबिनमध्ये एक वास यायला लागला, आधी इतका हलका की आपल्याच कपड्यांना असेल असं वाटावं. त्याने बाही हुंगली. बाहीला साबणाचा वास होता.

तिसऱ्या वळणावर इंजिन किंचाळलं. काटा लाल पट्ट्यात गेला आणि टँकर जागच्या जागी थरथरत राहिला, हात सोडलेल्या माणसासारखा. निघाल्याला चाळीस मिनिटं झाली होती. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं.

टँकर मागे घरंगळायला लागला. मिस्त्रीने ब्रेक दाबला. पेडल खाली गेलं, टँकर थांबला नाही. त्याने स्टिअरिंगकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. आणि त्याच्या कानाशी, उघड्या खिडकीच्या बाहेरून, दारावर दोन थापा पडल्या.

थप. थप.

सावकाश. राग नसलेल्या. चुचकारणाऱ्या.

टँकर थांबला. भिंत वीतभर लांब होती. आरशात खालपर्यंतचा रस्ता मोकळा, उन्हात पांढरा पडलेला, आणि त्यावर कुणी नव्हतं.

“भाऊजी,” मिस्त्री म्हणाला. “बघितलं मी... चाळीस मिनिटांनी बघितलं.”

त्याला उत्तर हवं होतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

टँकर ओढून आणला. मिस्त्रीने हट्टाने समितीचा माणूस बोलावला, साहेबांना बोलावलं, बाईंना बोलावलं, आणि सगळ्यांदेखत बॉक्स उतरवून पंपाचं झाकण काढलं. आतून धुरासारखा वास उठला. एकेक प्लेट त्याने पांढऱ्या कापडावर मांडली. जळकी. गुळगुळीत. कडेवर खिळ्याने कोरलेले आकडे. एक, दोन, तीन. सातव्या प्लेटवरच्या सातच्या पोटात रेघ होती.

बाईंनी वाकून प्रत्येक आकडा पाहिला.

“मी नव्या मोजून दिल्या होत्या,” बाई हळूच म्हणाल्या. “माझ्यासमोर बसवल्या यांनी.”

“मग या कुठून आल्या?” समितीचा माणूस.

“भट्टीतून,” मिस्त्री म्हणाला. “मागच्या आठवड्यात मीच टाकल्या होत्या. साहेबांनी पाठवल्या. विचारा त्यांना.”

साहेबांनी पाणी मागवलं.

मिस्त्रीने तिथेच बसून लेखी दिलं. दोष होता. ड्रायव्हरने सांगितला होता, कसा शोधायचा तेही सांगितलं होतं. मी थंड, रिकाम्या गाडीवर पाहिला. नंतर जळक्या प्लेटी सापडल्या, त्या मी लपवल्या. गाडी न्यूट्रलमध्ये नव्हती. तो कागद घेऊन तो समितीच्या आधी बहिणीकडे गेला. तिने पूर्ण वाचला, घडी घातली.

“त्या दिवशी दारात मी विचारलं होतं तुला.”

“हो, ताई.”

“तेव्हा सांगायचं होतंस रे.”

त्याने मान खाली घातली. तिने त्याला आत बोलावलं नाही. दारही लावलं नाही.

अहवालातलं न्यूट्रलचं वाक्य गेलं. मिस्त्रीची नोकरी गेली. त्याने ती परत मागितलीही नाही. साहेबांची बदली झाली, तीही बढतीवर. आणि समितीने आपली सुटका करून घेतली: ‘मिस्त्रीने नव्या प्लेटी न बसवता जुन्याच बसवल्या.’ प्रकरण बंद. मिस्त्रीने त्यावर हरकत घेतली नाही. हरकत घेतली स्टोअरवाल्या बाईंनी, लेखी, तीन वेळा. तिन्ही पत्रांना उत्तर नाही.

बाईंचे प्रश्न साधे आहेत. भट्टीवाल्याने पेटी वजन करून घेतल्याची, वितळवल्याची नोंद आहे. मग कोरलेल्या सात प्लेटी परत कुठून आल्या? मोजून दिलेल्या सात नव्या कुठे गेल्या? आणि झाकण काढण्याआधी समितीच्याच माणसाने काढलेला एक फोटो आहे, तो कुणी नीट पाहिला का?

त्या फोटोत आठ बोल्ट दिसतात. प्रत्येकावरून झाकणापर्यंत गेलेली पिवळी रेघ. आठही अखंड आहेत.