खुंटीवर नसलेलं टोकन

"गाडी सुटली रे सुटली की नदीवर!" रिंतारो सायकलची घंटी वाजवत म्हणाला. "शेवटी पोहोचेल त्यानं कलिंगड उचलायचं!"

"आणि पहिला पोहोचेल त्यानं खायचं," शुन्पेईनं लगेच जोडलं. त्याला खाण्याशिवाय दुसरं काही सुचायचंच नाही.

त्या दोघांची मैत्रीण तोमोए हसली, पण तिचं लक्ष फलाटावरच्या आजोबांकडे होतं. तिचे आजोबा कुमोगासे स्टेशनचे मास्तर होते; सगळे त्यांना आदरानं ओकुमुरासान म्हणत. पांढरा हातमोजा घातलेलं बोट रोखून ते एकेक गोष्ट खणखणीत आवाजात पुकारत होते. आधी बोट दाखवायचं, मग पुकारायचं आणि मगच काम करायचं, हा रेल्वेचा दंडक. आजोबा घरी गॅस बंद करतानाही पुकारायचे!

"सिग्नल, ठीक! फलाट, ठीक! टोकन, ठीक!"

तोमोएची नजर त्या बोटामागोमाग टोकन अडकवायच्या खुंटीवर गेली. खुंटी रिकामी होती!

"आजोबा," ती जवळ जाऊन हळूच म्हणाली, "टोकन कुठाय?"

आजोबांनी वळून पाहिलं. त्यांचं बोट हवेतच राहिलं.

कुमोगासेच्या पुढे रूळ एकच. समोरून दुसरी गाडी येऊ नये म्हणून ड्रायव्हरला टोकन द्यावं लागतं. टोकन म्हणजे गळ्यात अडकवता येईल एवढं मोठं कडं, त्याला चामड्याची पिशवी आणि पिशवीत पितळी चकती. तिकडून येणारी गाडी ते आणते, इकडून जाणारी नेते. ते बाहेर असेपर्यंत स्टेशनातलं टोकनचं यंत्र दुसरं देत नाही.

एका डब्याची गाडी फलाटाला लागलेली होती. आत माणसं सणासाठी गावी आलेली, आता परत निघालेली. ड्रायव्हर कुगासाननं खिडकीतून हात पुढे केला आणि तो रिकामाच मागे घेतला. "माफ करा, मास्तर. टोकनशिवाय मी वीतभरही पुढे जाणार नाही."

"काय भानगड आहे?" असं म्हणत माकिमुरासाहेब घाम पुसत आले. मुख्य कचेरीतले हे साहेब आज सकाळीच आले होते. तिकीटखिडकीत माणूस हवा, की तिकिटाचं यंत्र बसवून स्टेशनला कुलूप लावायचं, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. आणि नेमकं आजच हे घडावं!

"टोकन हरवलं? अरेरे!" साहेब म्हणाले. "वयोमानानं विसरायला होतंच, ओकुमुरासान. तुमचा दोष नाही. पण अहवालात लिहावं लागेल. आता बस मागवतो."

आजोबांनी टोपी काढून मान खाली घातली. त्यांची मान अशी झुकलेली तोमोएनं कधी पाहिली नव्हती. तिला रडूच आलं, पण तिनं ते गिळलं.

"बस यायला वेळ लागेल," ती दोघांच्या कानात पुटपुटली. "तेवढ्यात शोधायचं. चला!"

तिघांनी स्टेशन पालथं घातलं. कौलारू छपराचं ते जुनं लाकडी स्टेशन केवढं असणार! रिंतारोनं फलाटाखाली वाकून पाहिलं. शुन्पेईनं कोळ्याची जाळी डोक्यावर घेऊन कोठीतून तोंड काढलं. बाकांवरच्या, गावातल्या बायकांनी शिवलेल्या उशाही उचलून झाल्या, पण टोकनाचा पत्ता नव्हता.

"ही उशी बघ," तोमोए एकदम थबकली. फुलाफुलांच्या उशीवर मोठा गोल ठसा उमटला होता. "टोकन इथं ठेवलं होतं!"

"मास्तर कधी बाकावर ठेवतील का?" रिंतारो म्हणाला.

"कधीच नाही! आजोबांनी नाही ठेवलं. मग कुणी?"

तिघांनीही एकदमच साहेबांकडे पाहिलं. मघाशी साहेबांनी माहितीपत्रकासाठी आजोबांचे फोटो काढले होते. असे उभे राहा, तसे उभे राहा, तिकीटखिडकी बंद करा, मागून उजेड येतोय, असं किती वेळ चाललं होतं.

"सरळ विचारलं तर वसकन अंगावर येतील," शुन्पेई म्हणाला.

"सरळ कोण विचारतंय?" तोमोएनं केस नीट केले आणि गोड चेहरा करून ती साहेबांसमोर उभी राहिली. "साहेब, तुम्ही फोटो फार छान काढता म्हणे! आम्हाला दाखवा ना."

"छान म्हणजे काय, बक्षीस मिळालंय मला!" साहेबांची कळी खुलली. बससाठी लावलेला फोन अजून लागत नव्हताच. त्यांनी कॅमेरा काढून फोटो पुढे सरकवायला सुरुवात केली. "हे बघ, मास्तर टोकन घेऊन. पण त्या कड्यानं चेहरा झाकला जात होता. म्हणून मी म्हटलं, आणा ते इकडे, आणि हातात झेंडा धरा. हा बघ झेंड्याचा..."

"थांबा!" तिघंही ओरडली.

झेंड्याच्या फोटोत मागं बाक दिसत होता आणि बाकावर टोकन! शेजारी गवती टोपी घातलेल्या एक बाई वाकून त्याच्याकडे पाहत होत्या.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे... मीच ठेवलं?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी!" शुन्पेई पुटपुटला.

"पण त्या बाईंनी चोरलं की काय?" रिंतारोनं विचारलं.

"आपल्या गावात? सापडलेला हातमोजासुद्धा लोक कुंपणावर टांगून ठेवतात!" तोमोए भराभर बोलू लागली. "त्यांना वाटलं असेल, कुणीतरी पिशवी विसरलंय. द्यायची कुठे? खिडकीत. पण खिडकी तर फोटोसाठी बंद! मग कुणीही शहाणा माणूस ती कुठे नेऊन देईल?"

"पोलीसचौकीत!" दोघं एकदम ओरडले.

सायकली पुलावरून सुसाट सुटल्या. पलीकडच्या टोकाला चौकी होती. शिओमी हवालदार जवाचा गार चहा पीत बसले होते आणि टेबलावर टोकन ऐटीत पडलं होतं. त्याच्या कड्याला चिठ्ठी होती : मोठ्या कड्याची पिशवी, मालक अज्ञात.

"काका, ते आमचं!" शुन्पेईनं झडपच घातली.

"हात मागे!" हवालदार गरजले. "सापडलेली वस्तू मालकालाच मिळते. मालकानं स्वतः यायचं आणि ओळख पटवायची. नियम म्हणजे नियम."

"मालक आगगाडी आहे, काका!"

"मग आगगाडीला घेऊन या."

रिंतारोनं कपाळावर हात मारला. पण तोमोएनं कमरेतून वाकून नमस्कार केला. "काका, आम्हाला देऊच नका. तुम्हीच घेऊन चला. मालकाला हलता येत नाही, कारण त्याचं टोकन तुमच्याकडे आहे. लोक खोळंबलेत. आणि आजोबांच्या..." ती आणखी खाली वाकली. "आजोबांच्या स्टेशनला कुलूप लागेल हो!"

हवालदारांनी चहा खाली ठेवला. टोपी चढवली. कडं खांद्याला अडकवलं.

"मालकाच्या घरी जाऊन द्यायचं नाही, असं कुठल्याच नियमात नाही," ते म्हणाले आणि त्यांची पांढरी सायकल अशी काही पळाली की पोरांना मागे टाकून गेली!

टोकन कुगासानच्या हातात पडलं तेव्हा डब्यातल्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. एका आजीबाईंनी खिडकीतून आपलं कलिंगडच शुन्पेईच्या हातात दिलं. "माझ्यानं एवढं ओझं नेववत नाही रे बाळा," त्या म्हणाल्या. शिट्टी झाली आणि गाडी बोगद्याकडे निघाली.

मग माकिमुरासाहेब आजोबांसमोर कमरेत वाकले. "ओकुमुरासान, चूक माझी होती आणि मी तुमचं वय काढलं. क्षमा करा."

"चूक माझीही आहे," आजोबा म्हणाले. "तुम्ही ते खुंटीवर लावलं असेल असं धरून मी न बघता 'ठीक' म्हटलं. तेही लिहा."

"दोन्ही लिहीन. आणि खिडकीत माणूसच हवा, असंही लिहीन." साहेबांनी तिघांकडे पाहिलं. "टोकन हरवलं तर तिकिटाचं यंत्र काय करणार? यंत्राला नातवंडं नसतात!"

तोमोएनं सुटकेचा श्वास सोडला. आता रडू आलं, तरी तिनं ते अडवलं नाही.

आजोबांनी टोपी डोक्यावर ठेवली, हातमोजा ओढून घट्ट केला आणि मुलांसमोर ताठ उभे राहिले. त्यांनी बोट रोखलं. या वेळी प्रत्येकाकडे अगदी नीट, डोळे भरून पाहिलं.

"रिंतारो, ठीक! शुन्पेई, ठीक!" मग त्यांचं बोट तिसऱ्या चेहऱ्यावर जरा जास्तच रेंगाळलं. "तोमोए, ठीक!"