सही उमटेना

तो मोबाईल बाजूला ठेवा आधी. ही माझ्या सख्ख्या साडूची गोष्ट आहे, ऐकीव नाही. साडू रस्त्याच्या प्रयोगशाळेत. डांबर-खडीचे गोळे करायचे, यंत्रात दाबून फोडायचे, अहवालावर सही करायची.

डांबरात मेण घालायची टूम तेव्हा नवीन होती. मेणाने माल कमी आचेवर पसरतो आणि गार झाला की कडक होतो. साहेब जाम खूश. "काय कडक माल आहे हो!" पण कडक म्हणजे मजबूत नव्हे. मेण जास्त झालं तर थंडीत रस्ता तडकतो. म्हणून गोळा थंड कपाटात ठेवून तपासायचा असतो. आदल्या हिवाळ्यात साडूने ते टाळलं. गावाजवळच्या एका उताराला फट पडली, तिच्यात स्कूटरचं चाक अडकलं आणि त्याचाच जोडीदार गेला. बारा वर्षं दोघं एका टेबलावर होते. साडूच्या जिवाला ते लागून राहिलं होतं. तोच उतार आता नव्याने केला होता, आणि मेण पुन्हा सढळ हाताने ओतलेलं.

सतरा जानेवारी, शुक्रवार, रात्री पावणेनऊ. साडू अहवाल न्यायला प्रयोगशाळेत एकटाच आला. साहेबांचा फोन. "अहो, सही करून आणा. सकाळी उतार खुला करायचाय. थंडीचं नंतर बघू. जमत नसेल तर उद्यापासून घरी बसा."

दोन मुली शिकत होत्या. साडूने पेन उघडलं.

सही उमटेना.

दुसरं पेन घेतलं. कागदाच्या कोपऱ्यात चालतंय... सहीच्या जागी नाही. नखाने खरवडलं.

मेण.

थंड कपाटात आवाज झाला. टक्.

कपाट रिकामं होतं. सकाळी त्यानेच पुसलेलं.

टक्... टक्.

"तू आहेस का रे?"

टक्.

"चुकलो रे मी."

आवाज थांबला.

साडू ढसाढसा रडला. मग फोन बंद केला, त्या उताराच्या मालाचा गोळा कपाटात ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसून राहिला. पहाटे गोळा यंत्रात घातला, तर बिस्किटासारखा दुभंगला. नव्या कागदावर त्याने 'नापास' लिहिलं. उतार उखडावा लागला. साहेब आठ दिवस बोलले नाहीत, पण नोकरी राहिली.

तो जुना कागद मी या डोळ्यांनी पाहिलाय. ते मेण वितळायला उकळत्या पाण्याइतकी धग लागते. अन् त्यात अंगठा दाबलेला होता. रेघ न् रेघ उमटलेली.

साडूने माझ्यासमोर आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला.

त्याचा नव्हता.